सांगलीला विमानतळ हवाय की विमान?

सांगलीत विमानतळाचा विषय निघाला की पहिला आकडा मिनिटांचा येतो. मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्याकडे असो की कोर्टाच्या बाररूममध्ये, कुणीतरी मोबाइल पुढे करतो आणि सांगतो, ‘हे बघा, पाऊण तासात मुंबई.’ साताऱ्याकडे हाच आकडा कराडच्या धावपट्टीच्या नावाने फिरतो. मग सांगलीजवळच्या कवलापूरच्या नियोजित विमानतळाच्या जागेची आठवण निघते, कोल्हापूरला मिळाले आणि आपल्याला नाही याची खंत निघते, आणि चहा संपेपर्यंत विमानतळ बांधूनही होतो.

मोबाइलवर दिसणारा तो आकडा खोटा नसतो. मात्र घरातून निघून कामाच्या ठिकाणी पोहोचायला किती वेळ लागेल, हे तो सांगत नाही. दोन छोट्या विमानतळांमधले सरळ रेषेतले अंतर आणि उड्डाणाचा वेळ ही प्रवासाच्या नियोजनातली सर्वांत कमी कामाची माहिती आहे. तिच्यावर विसंबून सांगली-साताऱ्याने स्वतःच्या प्रवासी विमानतळाची मागणी लावून धरली, तर जमीन जाईल, पैसा जाईल आणि कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाला आज जे मिळते आहे तेही पातळ होईल.

हे आकडे निघतात कसे, ते आधी बघू. संगणक दोन्ही ठिकाणचे अक्षांश-रेखांश घेतो आणि पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून पृष्ठभागावरचे सर्वांत जवळचे अंतर काढतो. कोल्हापूर ते बेळगाव या हिशोबाने साधारण ९६ किलोमीटर भरते. कराडची धावपट्टी ते उजळाईवाडी ७०, कवलापूर ते उजळाईवाडी पंचेचाळीसच्या आसपास. वेळेसाठी बहुतेक ठिकाणी एकच ठोकताळा वापरतात : अंतराला ताशी ८०० किलोमीटरने भागायचे आणि वर अर्धा तास मिळवायचा. कोल्हापूर-बेळगावला ९६ भागिले ८०० म्हणजे सात मिनिटे, अधिक तीस, एकूण सदतीस.

आता त्याच मार्गावर एटीआर-७२ खरोखर उडवून बघू. हे पंख्याचे, सत्तरेक आसनांचे विमान. वर गेल्यावर त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो, ८०० नव्हे. शिवाय तो वेग गाठायला त्याला आधी वर जावे लागते. कोल्हापूरची जमीन समुद्रसपाटीपासून साधारण दोन हजार फुटांवर आहे. इतक्या जवळच्या मार्गावर विमान फार तर नऊ हजार फुटांवर जाईल. मिनिटाला हजार फूट या दराने सात हजार फूट चढायला सात मिनिटे लागतात आणि तेवढ्यात सुमारे वीस सागरी मैल मागे पडलेले असतात. उतरण्याचा नियम वैमानिक तोंडपाठ म्हणतात : हजार फुटांना तीन मैल. बेळगावची सांबऱ्याची धावपट्टी अडीच हजार फुटांवर आहे, म्हणजे साडेसहा हजार फूट उतरायला पुन्हा वीस मैल. एकूण अंतर ५२ सागरी मैल, म्हणजे तेच ९६ किलोमीटर. चाळीस चढण्या-उतरण्यात गेले, उरले बारा. म्हणजे विमान आपल्या खऱ्या वेगाने तीन मिनिटेही धावत नाही.

त्यात दिशेची गंमत आहे. उजळाईवाडीची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि सांबऱ्याचीही जवळपास तशीच. बेळगाव मात्र कोल्हापूरच्या दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे झुकून. म्हणजे उडाल्यावर एक मोठे वळण आणि उतरण्याआधी धावपट्टीच्या रेषेत यायला दुसरे. त्यात पाच-सहा मिनिटे जातात. समांतर टॅक्सीवे, म्हणजे विमानाला टोकापर्यंत जायचा वेगळा रस्ता, नसलेल्या छोट्या विमानतळावर विमानाला धावपट्टीवरूनच टोकापर्यंत रांगत जावे लागते आणि तिथे गर्रकन वळून उड्डाण घ्यावे लागते. दोन्हीकडचे मिळून आणखी आठ-दहा मिनिटे. बेरीज बत्तीस-पस्तीस मिनिटांच्या घरात येते. ठोकताळ्याचे सदतीस आणि हे पस्तीस जवळजवळ जुळतात, हा निव्वळ योगायोग. चुकीच्या रीतीने गणित सोडवूनही उत्तर बरोबर यावे, तसे.

कोल्हापूर-बेळगाव हे अंतर महामार्गाने एकशेदहा किलोमीटरच्या आसपास आहे. गाडी दोन तासांत पोहोचते. विमानात बसणाऱ्याला फक्त चेक-इनची खिडकी बंद होण्याआधी पोहोचायचे, तर तासभर आधी हजर राहावे लागते. त्या तासात गाडी निपाणीच्या पुढे गेलेली असते.

मग विमान कधी परवडते? कागद-पेन्सिल घेऊन काढता येईल इतके सोपे आहे. प्रवासाची ठरीव वेळ, म्हणजे अंतर कितीही असले तरी लागणारी : घरून विमानतळावर पाऊण तास, तिथे सव्वा तास, जमिनीवरचे रांगणे, चढणे, वळणे यांची जादा पंचवीस मिनिटे, उतरून सामान घेऊन बाहेर पडायला वीस, तिथून कामाच्या ठिकाणी अर्धा तास. झाले सव्वातीन तास, आणि अजून एक किलोमीटरही कापलेला नाही. पुढे विमान तासाला ५०० किलोमीटर जाते. चौपदरी रस्त्यावर गाडीची सरासरी ६०. पण रस्ता सरळ जात नसतो, म्हणून सरळ रेषेत मोजले तर ती ५० धरावी. दोन्ही बाजू जिथे समान होतात ते अंतर निघते सुमारे १८० किलोमीटर. याच्या आत विमान हरते.

छोट्या शहरांच्या विमानसेवेला अनुदान देणारी केंद्राची ‘उडान’ योजना आखणाऱ्यांनाही हे ठाऊक होते. २०१६ साली धोरण आले आणि एप्रिल २०१७ मध्ये सिमला-दिल्ली हे पहिले विमान उडाले. तेव्हाच्या कमाल भाड्याच्या तक्त्यात विमानांसाठी पहिली ओळ १५१ किलोमीटरपासून सुरू होत होती. तासाभराच्या, साधारण ५०० किलोमीटरच्या उड्डाणाला अडीच हजार रुपये, ही त्या योजनेची घोषणा सगळ्यांच्या लक्षात राहिली. दीडशे किलोमीटरच्या आतला रकाना कोरा होता, हे फारसे कुणी बोलले नाही.

या मोजपट्टीवर आपल्याकडचे मार्ग लावून बघा. कोल्हापूर-बेळगाव ९६, बाद. कराड-पुणे सरळ रेषेत १४६, बाद. कवलापूर-पुणे १९५च्या आसपास, म्हणजे काठावर. कोल्हापूर-सोलापूर २०५ दिसते. पण दोन्हींमधला बहुतेक रस्ता मोठा झाल्यामुळे तेही काठावरच. खरा उपयोग दिसतो तो मुंबई, हैदराबाद, बंगळूरु, अहमदाबाद यांना. मुंबई कोल्हापूरहून सरळ रेषेत ३०८ किलोमीटर आहे.

आणि कवलापूरहून? साधारण तीनशे. कवलापूर कोल्हापूरच्या ईशान्येला आहे आणि मुंबई वायव्येला. त्यामुळे मुंबईच्या उड्डाणात पाच-दहा किलोमीटरचाच फरक पडतो. विमानाच्या भाषेत एक मिनिट. म्हणजे सांगलीच्या स्वतंत्र विमानतळाने वाचणार काय, तर फक्त उजळाईवाडीपर्यंतचा रस्ता. विश्रामबागेतून उजळाईवाडीला आज सव्वा ते दीड तास लागतो आणि कवलापूरला वीस-पंचवीस मिनिटे लागतील. बचत सुमारे एक तास. हा तास क्षुल्लक नाही. पण तो मिळवायला काय मोजावे लागेल, ते बघू.

आधी धावपट्टी. एटीआर-७२ला समुद्रसपाटीवर, थंड हवेत, पूर्ण वजनाने उडायला साधारण १,३१५ मीटर लागतात. सांगली-कराड पट्टा समुद्रसपाटीपासून साडेपाचशे ते पावणेसहाशे मीटरवर आहे. उंचीवर हवा विरळ, उन्हाळ्यात आणखी विरळ. पंख्याला पकड कमी आणि पंखांना उचल कमी. यासाठी आंतरराष्ट्रीय ठोकताळा असा : दर ३०० मीटर उंचीला सात टक्के लांबी वाढवा आणि त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा जेवढे अंश जास्त, तेवढे टक्के पुन्हा वाढवा. ५७० मीटरला साधारण १३ टक्के, म्हणजे १,४९० मीटर. त्या उंचीचे प्रमाण तापमान ११ अंश. एप्रिलमधल्या दुपारचे ३८ धरले तर २७ अंशांचा फरक, म्हणून २७ टक्के. उत्तर येते जवळपास १,९०० मीटर. उजळाईवाडीची धावपट्टी १,३७० मीटरवरून १,९३० मीटरपर्यंत का वाढवावी लागली, त्याचे कारण याच गणितात आहे. कमी लांबीच्या पट्टीवरून विमान उडतच नाही असे नाही. ते उडते, पण आसने रिकामी ठेवून किंवा इंधन कमी भरून. रिकाम्या आसनांचे भाडे कुणी देत नाही.

धावपट्टी म्हणजे फक्त डांबराची पट्टी नव्हे. तिच्या दोन्ही बाजूंना मोकळी, सपाट, अडथळ्याविना जागा लागते. यंत्रांच्या आधारे उतरायची सोय हवी असेल, तर त्या पट्ट्याची एकूण रुंदी २८० मीटर. दोन्ही टोकांना साठ-साठ मीटर जादा, आणि त्यापुढे विमान घसरून गेलेच तर सावरण्यासाठी २४० मीटरचे सुरक्षित क्षेत्र. १,९०० अधिक १२० अधिक ४८० म्हणजे २,५०० मीटर. एकरांत मोजले तर पट्टा १४० एकर आणि टोकांची क्षेत्रे सात एकर. टर्मिनल, विमान उभे करायचे ॲप्रन, अग्निशमन केंद्र, वाहनतळ, कुंपणाकाठचा रस्ता यांची मोजणी अजून सुरूच झालेली नाही.

कवलापूरची जागा आहे सुमारे १६० एकर. ती अडीच किलोमीटर लांब, सरळ पट्टीच्या आकाराची आहे असे उदार मनाने मानले, तरी तिची रुंदी २६० मीटर भरते. लागतात २८०. म्हणजे धावपट्टीचा नुसता पट्टाही तिथे पुरता मावत नाही. ‘जागा तयार आहे, फक्त मंजुरी हवी’ हे वाक्य सभेत टाळ्या घेते. पण सरकारी मोजणीदाराची साखळी अंथरली की पुढची शेते लागतात. द्राक्षबागांच्या आणि उसाच्या पट्ट्यात ती शेते कुणाची असतील आणि कितीला मिळतील, हे सांगलीकरांना कुणी शिकवायला नको. कराडला हेच घडले. कोयना धरणाच्या कामासाठी १९५५ साली सार्वजनिक बांधकाम खात्याने बांधलेली ती धावपट्टी १,२८० मीटरची. विस्ताराचा विषय निघाला, की वारुंजी, केसे, मुंढे परिसरातले शेतकरी विरोधात उभे राहतात. बागायती जमीन देणाऱ्याला दोष देता येणार नाही. ती देऊन त्याच्या दारात विमान येईल की नुसते कुंपण, हे त्याला कुणी सांगू शकलेले नाही.

जमिनीनंतर आकाश. धावपट्टीच्या टोकापासून पुढे दर ५० मीटरला एक मीटर चढत जाणारी एक अदृश्य उतरंड असते आणि तिच्या वर काही डोकावता कामा नये. तीन किलोमीटरवर उंचीची मर्यादा जेमतेम साठ मीटर. आपल्या भागात या उतरंडीत पहिल्यांदा काय आडवे येणार, हे सोलापूरने दाखवले आहे. तिथल्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची सहवीजनिर्मिती प्रकल्पाची ९२ मीटर उंच चिमणी अनेक वर्षांच्या वादानंतर जून २०२३ मध्ये पाडली. शहर भावनेने दुभंगले आणि नियमित विमान सुरू व्हायला त्यानंतरही दोन वर्षे लागली. कृष्णाकाठी दर पंधरा-वीस किलोमीटरला एक चिमणी आहे. कुठली पाडायची, याची यादी कोण करणार?

हे सगळे जुळवले असे धरू. मग खर्चाचा तो भाग येतो, जो विमान येवो न येवो चालूच राहतो. एटीआरच्या लांबीचे विमान उतरणार असेल तर अग्निशमनाची पाचवी श्रेणी लागते : किमान एक खास बंब, फेसासाठी ५,४०० लिटर पाणी आणि धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला तीन मिनिटांत पोहोचतील असे प्रशिक्षित जवान, तेही पाळ्यांमध्ये. शिवाय हवाई नियंत्रक, हवामान निरीक्षक, सामान तपासणीची यंत्रे, सुरक्षा जवान, रात्रीच्या उतरणीसाठी दिवे. आणि धुके. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात डिसेंबर-जानेवारीत सकाळी ऊस दिसत नाही, तिथे धावपट्टी कुठून दिसणार? यंत्रांविना उतरायचे तर पाच किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसावे लागते. यंत्रे बसवायची तर पुन्हा तोच २८० मीटरचा पट्टा.

आता ज्या मुद्द्यापाशी आमच्या मते वाद मिटतो, तिथे येऊ. प्रवाशाचा खरा वेळ उड्डाणात जात नाही, विमानाची वाट बघण्यात जातो. ही वाट विमानतळावरची नव्हे, दिवसांची. आठवड्यातून तीनच विमाने असतील आणि काम मंगळवारी असेल, तर माणूस सोमवारी जातो आणि बुधवारी परततो. दोन रात्रींचे हॉटेल, दोन दिवसांचा धंदा. त्या हिशोबात उड्डाण पन्नास मिनिटांचे की साठचे, हा प्रश्नच उरत नाही. वरच्या गणितातल्या सव्वातीन तासांत हा प्रतीक्षेचा भार नुसता दीड तास धरून मिळवला, तर विमान परवडण्याचे अंतर १८०वरून २६० किलोमीटरच्या पुढे सरकते. फेऱ्या कमी झाल्या की मुंबईही काठावर येते.

म्हणून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येणे हीच विमानसेवेची खरी कसोटी. त्यासाठी एकाच मार्गावर दिवसाला किमान दोन फेऱ्या लागतात. बहात्तर आसनांच्या विमानाच्या दोन फेऱ्या म्हणजे जाता-येता मिळून २८८ आसने. त्यातली सत्तर टक्के रोज भरायची तर दोनशे माणसे हवीत. कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर, सांगली, मिरज, निपाणी असा सगळा टापू एका विमानतळामागे उभा राहिला, तर ही माणसे मिळू शकतात. त्याच टापूचे दोन तुकडे केले तर दोन्हीकडे आठवड्यातून तीन-चार दिवसांची लंगडी सेवा उरते. लंगड्या सेवेवर कुणी भरवसा ठेवत नाही, आसने रिकामी जातात आणि कंपनी विमान दुसऱ्या मार्गाला लावते.

ही भीती हवेतली नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ साली ‘उडान’चा हिशोब मांडला. दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नव्हते. जे ३७१ सुरू झाले, त्यांतल्या ११२ मार्गांनीच अनुदानाची तीन वर्षे पूर्ण केली, आणि अनुदान संपल्यावर मार्च २०२३पर्यंत तगलेले मार्ग होते ५४. कोल्हापूर-मुंबई सेवाही याच काळात सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली. कोकणात तर आपल्या प्रश्नाचे उत्तर आधीच लिहून ठेवले आहे. सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, धावपट्टी चांगली अडीच किलोमीटरची. जानेवारी २०२३ मध्ये गोव्यात मोपा सुरू झाला. दोहोंमधले सरळ अंतर पंचेचाळीस किलोमीटर, जवळपास कवलापूर-उजळाईवाडीएवढेच. मोप्याला रोज कितीतरी शहरांची विमाने. चिपीची मुंबईची सेवा मात्र खंडित झाली. कुडाळचा माणूस घराजवळचा विमानतळ सोडून मोप्याला जातो, कारण तिथे त्याला हव्या त्या वेळी विमान असते.

विमानतळाच्या बाजूने जे बोलले जाते, त्यातले द्राक्षांचे म्हणणे लवकर निकालात निघते. तासगावची द्राक्षे युरोपला जातात ती शीतकंटेनरमधून, जेएनपीए बंदरातून, समुद्रमार्गे. एका कंटेनरात बारा-चौदा टन माल बसतो. प्रवाशांनी भरलेल्या एटीआरच्या पोटात टन-दीड टन. बेदाणा आणि हळद यांना तर घाईच नाही. ते शीतगृहात वर्षभर बसतात. वकील आणि पक्षकार हा एक मोठा प्रवासी वर्ग होता. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आणि सांगली-साताऱ्यासह सहा जिल्ह्यांची कामे तिथे आली. त्यांना आता विमान नको, कोल्हापूरचा रस्ता हवा.

पुराचा आणि दवाखान्यांचा मुद्दा मात्र वजनदार आहे, आणि तो मान्य करायलाच हवा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तेव्हा आणि २०२१ सालीही पंचगंगेच्या पाण्याने शिरोलीजवळ महामार्ग काही दिवस बंद पडला होता. अशा वेळी उजळाईवाडी सांगलीच्या उपयोगाची नसते. मिरजेसारख्या, एकोणिसाव्या शतकापासून दवाखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावातून एखादा अवयव तासाभरात पुण्या-मुंबईला पोहोचवायचा, तर जवळची पट्टी हवी. पण या दोन्ही कामांना १,९०० मीटर, टर्मिनल आणि बोर्डिंग पास लागत नाहीत. पंख्याच्या छोट्या रुग्णविमानाला हजार-बाराशे मीटरची चांगली पट्टी पुरते. हेलिकॉप्टरला तीही नको. कवलापूरची १६० एकर जागा भूखंड पाडून कुणाच्या घशात न घालता या कामासाठी राखली, तर ती सोन्यासारखी आहे.

राखणे म्हणजे फलक लावणे नव्हे. बंद धावपट्टीचे काय होते, हे महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी बघायला मिळते. पहिल्या पावसाळ्यात डांबराला भेगा पडतात, दुसऱ्यात त्यांतून वेडी बाभूळ उगवते, तिसऱ्या वर्षी लोक तिथे मका वाळवतात आणि पोरे गाडी शिकतात. मग मुख्यमंत्र्यांचे विमान यायचे ठरते आणि दोन दिवसांत झाडूवाले लावून पट्टी साफ होते. सुटी खडी मात्र राहतेच. पंख्याने खेचलेला सुपारीएवढा खडा पात्याला टवका पाडतो आणि विमान तिथेच अडकून पडते. त्यामुळे सलग कुंपण, वर्षातून दोनदा भेगा भरणे, दिशादर्शक कापडी नळी, टँकरने इंधन आणायची सोय, पक्के तीन-चार हेलिपॅड आणि चोवीस तास एक जबाबदार माणूस, एवढे हवे. याचा खर्च प्रवासी विमानतळाच्या तुलनेत किरकोळ आहे. कराडच्या १,२८० मीटर पट्टीला वैमानिक प्रशिक्षणाची जोड उत्तम बसते. चार आसनी शिकाऊ विमानाला पाचशे-सहाशे मीटर पुष्कळ होतात आणि रोज उड्डाणे होत राहिली की पट्टीही जिवंत राहते.

साताऱ्याचा हिशोब तर आणखी सरळ आहे. सातारा शहरातून मुंबईला जायचे, तर कराडच्या पट्टीसाठी आधी पन्नास किलोमीटर दक्षिणेला जावे लागते, म्हणजे मुंबईला पाठ करून. तासभर तिथे जायला, सव्वा तास थांबायला, पन्नास मिनिटे विमान, मग मुंबईतला सव्वा-दीड तास. साडेचार तास झाले. त्यापेक्षा सरळ गाडीने निघालेला माणूस तेवढ्याच वेळात खंबाटकी, खंडाळा ओलांडून मुंबईत शिरतो. नवी मुंबईच्या विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले. दूरच्या प्रवासासाठी सातारकरांना तो चार तासांवर आहे आणि पुणे विमानतळ त्याहून जवळ. साताऱ्याने भांडायचे असेल तर पहाटे पुण्याच्या लोहगाव आणि नवी मुंबईच्या उलवे विमानतळांवर थेट पोहोचणाऱ्या बससाठी भांडावे.

सांगलीने काय मागावे, हे आता वेगळे सांगायला नको. पण मागणी नेमकी हवी. नवी मुंबईच्या नव्या धावपट्टीवर अजून वेळा मिळू शकतात. तिथे कोल्हापूरसाठी सकाळी आठच्या आत पोहोचणारे आणि संध्याकाळी सातनंतर निघणारे अशी एक जोडी मागून घेणे, हे कवलापूरच्या भूमिपूजनापेक्षा सांगलीच्या जास्त कामाचे आहे. त्यासाठी विमान रात्री उजळाईवाडीला मुक्कामाला असावे लागते. ही मागणी सांगली आणि कोल्हापूर या दोन्ही जिल्ह्यांच्या आमदार-खासदारांनी एका कागदावर करायला हवी, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

दुसरी मागणी रस्त्याची. रत्नागिरी-नागपूर महामार्गाचा बाकी पट्टा झाला, तरी अंकली ते चोकाक हा टप्पा भूसंपादनाच्या मोबदल्यावरून रेंगाळत राहिला. चौपट मोबदला मागणारा शेतकरी अडवणूक करतो असे म्हणणे सोपे आहे. पण नव्या विमानतळाच्या जमिनीला जो पैसा लागेल, त्याच्या एका हिश्श्यात हा प्रश्न कधीच सुटला असता. हा टप्पा आणि शिरोली नाक्याची कोंडी मोकळी झाली, तर सांगली-उजळाईवाडी पाऊण ते एक तासावर येते. कवलापूरने वाचणाऱ्या तासातला निम्मा इथेच वसूल होतो, आणि तो विमानात न बसणाऱ्यांनाही मिळतो.

तिसरी गोष्ट उद्यापासून करता येण्याजोगी आहे : मिरज, विश्रामबाग, सांगली, जयसिंगपूर, हातकणंगले, उजळाईवाडी अशी एसटी. ती विमानाच्या वेळेच्या सव्वा तास आधी टर्मिनलच्या दारात हवी, म्हणजे सांगलीतून पावणेतीन तास आधी सुटायला हवी. परतीची बस विमान उतरल्यावर अर्ध्या तासाने. अशा बस याआधी ठिकठिकाणी सुरू झाल्या आणि दोन महिन्यांत बंद पडल्या, त्याचे कारण ठरलेले असते. विमान चाळीस मिनिटे उशिरा येते, बस मात्र आगाराच्या वेळापत्रकाने रिकामी निघून जाते, कारण वाहकाची ड्यूटी संपणार असते. पुढच्या वेळी प्रवासी भाड्याची गाडी करतो आणि बस तोट्यात दिसते. म्हणून या फेरीची वेळ घड्याळावर नव्हे, विमानावर बांधली पाहिजे : उशीर पाऊण तासापर्यंत असेल तर बस थांबणार, त्याहून जास्त असेल तर आगाराला विमानतळावरून फोन जाणार आणि पुढची गाडी पाठवली जाणार. तिकिटावर विमानाचा क्रमांक छापला तर विमान कंपन्याही ती बस आपल्या आरक्षणात दाखवू शकतील. दोन गाड्या, चार चालक-वाहक आणि आगारप्रमुखाची एक सही, एवढ्यावर हे काम अडलेले आहे.